चार बोटं पाणी

मोठ्या जाऊबाई मला आवडत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात मी वाईट दिसणार आहे. म्हणून त्या चांगल्या होत्या असा कुणाचा समज होऊ नये. माझं लग्न होऊन महिना झाला नव्हता, तेव्हा माझी कडा फाटलेली भाकरी त्यांनी हातात धरून पाहुण्या बायकांना दाखवली होती आणि मास्तरीण बाईंनी नकाशा काढलाय म्हणाल्या होत्या. मी तेव्हापासून ते मनात धरून ठेवलं.

आमचं घर परभणीत, जिंतूर रस्त्यापासून आत दुसऱ्या गल्लीत. सासरे गेल्यावर वाटणी झाली. खालचा मजला मोठ्या दिरांकडे आणि वरचा आमच्याकडे. वाटणीवरून भांडण झालं नाही. भांडण झालं ते वरच्या बाथरूमवरून. नणंदेच्या लग्नाआधी पंधरा दिवसांत ते घाईघाईनं बांधलेलं होतं. पाहुणे येतील, वर एक तरी न्हाणी हवी, एवढाच विचार. निळ्या चकचकीत टाईल्स बसल्या, सगळ्यांनी छान म्हटलं. टाईल्सच्या खाली काय घातलं, हे कुणी मिस्त्रीला विचारलं नाही. आणि ते बाथरूम बरोबर जाऊबाईंच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर आलं होतं.

काही वर्षांनी खाली पाणी ठिबकायला लागलं. आधी छताला एक पिवळट डाग, मग थेंब. दिरांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं. माझा नवरा भावापुढं मान वर करून बोलणारा नव्हता. बघतो म्हणाला आणि बघितलं नाही. मीही आठवण केली नाही. माझं म्हणणं असं, की त्यांना त्रास आहे तर त्यांनी मला येऊन सांगावं.

त्या आल्या नाहीत. त्यांनी ओट्यावर पातेलं ठेवलं आणि रोज सकाळी त्यात साठलेलं पाणी आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आणून ठेवायला सुरुवात केली. मी शाळेला निघायची, झरीकडची बस पकडायची असायची, आणि पायाशी ते गढूळ पातेलं. मी ते नालीत ओतायची, आणि रिकामं पातेलं त्यांच्या दारात पालथं घालून जायची. दोघींमध्ये एक शब्द नाही. हे आम्ही काही महिने केलं. शिकलेली बाई म्हणून गल्लीत मला मान होता, आणि मी रोज हे करत होते.

बोअरच्या मोटरीचं बटण त्यांच्या ओसरीत. आमची टाकी अर्धी भरली की त्या मोटर बंद करत. नळाला पाणी येणार आठवड्या-दहा दिवसांनी. मी वरून ओरडायची, खालून उत्तर यायचं, की वरचं पाणी खाली येतंयच, मग उगं वर कशाला चढवायचं. खरं तर ते उत्तर चोख होतं. तेव्हा मला त्याचा फक्त राग आला.

शेवटी नवऱ्यानं एक मिस्त्री आणला. त्यानं टाईल्सच्या फटी खरवडून त्यात पांढरं सिमेंट भरलं, वरून दुधासारखं काहीतरी ब्रशनं फिरवलं आणि अर्ध्या दिवसात गेला. महिनाभर खाली कोरडं राहिलं. मग पुन्हा थेंब. दिरांनी निरोप पाठवला तेव्हा मी सांगितलं, की आता वरून काही येत नाही, तो तुमच्या स्वयंपाकाच्या वाफेचा ओलावा आहे, खिडकी उघडी ठेवत जा.

त्यानंतर नात्यातल्या एका बारशाला गेले. बायकांत बसले होते. कुणीतरी विचारलं, तुमचं घरचं काय चाललंय. मी म्हणाले, आमच्या मोठ्या जाऊबाई तांब्यानं छतावर पाणी मारतात आणि आमच्या नावानं शंख करतात, आम्हाला वरून उठवायचंय त्यांना. बायका हसल्या. मला बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य जाऊबाईंपर्यंत पोचलं होतं. दुसऱ्या दिवसापासून पायरीवर पातेलं यायचं बंद झालं. मला वाटलं, मी जिंकले.

दसऱ्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. मी वर कपडे धूत होते. सणाचे कपडे, चादरी, पडदे, बादल्यांवर बादल्या पाणी. खालून धप्प असा आवाज आला, आणि पाठोपाठ पितळी परात आपटल्याचा. किंकाळी आली नाही. मी नळ बंद केला आणि ऐकत राहिले. मग दिरांचा आवाज आला, जाऊबाईंना हाका मारतानाचा.

मी निम्मा जिना खाली उतरले. तिथून त्यांचं स्वयंपाकघर दिसतं. छताचा गिलावा परातीएवढा निखळून पडला होता. जाऊबाई भाकरी थापत होत्या, तो उजव्या हातावर पडला. पिठात सिमेंटचे तुकडे, गॅस तसाच पेटलेला. वर छतात गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या, आणि त्या सळयांवरून साबणाचं पाणी ठिबकत होतं. माझ्या चादरींचं. फेस दिसत होता.

त्यांनी वर बघितलं. मी जिन्यावर उभी, साडी खोचलेली, हात कोपरापर्यंत ओले. दिरांनी त्यांना स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. माझा नवरा मागोमाग गेला, तर दिरांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. मनगटाच्या वर हाड मोडलं होतं. दीड महिना प्लास्टर.

त्या दिवसापासून आम्ही ते बाथरूम वापरायचं बंद केलं. गच्चीवर पत्रे उभे करून आडोसा केला. दिवाळीचं अभ्यंगस्नानही तिथंच, साडीचा पडदा लावून, थंडीत कुडकुडत. सुट्ट्या लागल्या तशी मी कामाला लागले. मला पश्चात्ताप झाला होता का? थोडा. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती होती, की आता सगळी गल्ली त्यांच्या बाजूनं झाली.

आमच्या शाळेतलं मुलींचं स्वच्छतागृह ज्यानं केलं होतं, त्या मिस्त्रीला मी बोलावलं. झरीच्या पुढच्या एका खेड्यातला माणूस, पन्नाशीचा. घरी मेंढरं, भाऊ मेंढरं घेऊन फिरणारा, हा मात्र तरुणपणीच पुण्याला जाऊन फरशीकाम शिकून आला होता. त्यानं बाथरूमच्या दारात उभं राहून पायाच्या अंगठ्यानं टाईल ठोकली आणि म्हणाला, वरून औषध लावून रोग जात नाही, सगळं उकरावं लागतं.

त्यानं खरोखर सगळं उकरलं. टाईल्स काढल्या, त्याखालचा विटांच्या तुकड्यांचा भराव काढला. तो भराव काळा, चिखलासारखा, कुजलेला वास. इतकी वर्षं आम्ही त्या दलदलीवर उभं राहून अंघोळ करत होतो. खाली स्लॅब लागला तेव्हा तो ओला होता. तो वाळायला पंखा लावून तीन दिवस ठेवला. मिस्त्री रोज येऊन तळवा टेकवून बघायचा आणि निघून जायचा. मला घाई होती, सुट्ट्या संपत होत्या. मी एकदा म्हणाले, वाळलाय की. त्यानं माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही.

मग त्यानं स्लॅबच्या भेगा बुजवल्या. भिंत आणि जमीन जिथं भेटतात तिथं काटकोन ठेवला नाही, सिमेंटची गोलसर कड दिली, तिला तो वाटा म्हणायचा. कोपऱ्यात पाणी बसतं आणि तिथूनच आत शिरतं, म्हणून. त्यावर पाणी अडवणाऱ्या मसाल्याचा एक हात लांबीत, तो वाळल्यावर दुसरा हात रुंदीत. कोपऱ्यांवर बारीक जाळी चिकटवली. भिंतींवरही तो लेप कमरेच्या वर घेतला, अंघोळीच्या बाजूला डोक्याएवढा. काम बघताना मला समजलं, की वर दिसणारी टाईल ही फक्त साडी आहे, पाणी अडवणारं अंग हे खालचं.

लेप पुरता वाळल्यावर त्यानं पाणी जायच्या भोकात बोळा ठोकून बसवला, जमिनीवर चार बोटं पाणी भरलं आणि पाण्याच्या कडेनं भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारली. दोन दिवस हे पाणी हलवायचं नाही, म्हणाला. आणि खालून छत बघितल्याशिवाय मी फरशी बसवणार नाही.

म्हणजे कुणीतरी जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात जायला हवं होतं.

आधी मिस्त्री गेला, त्याला दारातूनच परत लावलं. नवरा जायला तयार नव्हता. मग मी गेले. वाटणीनंतरच्या नऊ वर्षांत मी त्यांचा उंबरा ओलांडला नव्हता. त्या ओसरीत बसल्या होत्या. गिलावा पडल्यापासून गॅस तिथंच मांडला होता. हात गळ्यात बांधलेला, आणि डाव्या हातानं वांगी चिरत होत्या, वेडीवाकडी. मी उभ्या उभ्या सांगितलं, की छताला ओल येते का ते बघायचंय.

त्या विळीवरून मान न उचलता म्हणाल्या, "तुला बघायची गरज न्हाई. मी बघन. दोन दिवस माझी मान वरच ऱ्हाईल. मी कोरडं म्हणन तवाच तुझी फरशी बसंल."

मी वर आले. मिस्त्रीला सांगितलं तर त्याला ते आवडलं नाही. बाई दुश्मनीनं काहीही सांगतील, म्हणाला. मलाही तेच वाटत होतं. आमचं काम पास-नापास करायचं आता त्यांच्या हातात गेलं होतं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मी नापासच केलं असतं.

दोन दिवसांनी रेघ बघितली. पाणी दोऱ्याएवढं उतरलं होतं. हवेनं उडालं, मिस्त्री म्हणाला. खालून निरोप आला, ओल आहे.

मी पेटले. मिस्त्री माझ्याहून जास्त पेटला, कारण त्याच्या कामाला नाव ठेवलं होतं. आम्ही दोघं जिन्यातूनच मोठ्यानं बोलायला लागलो, त्यांना ऐकू जाईल असं. की काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही, की खोटं बोलायलाही मर्यादा असते. खाली दार उघडलं. जाऊबाई पायरीपाशी आल्या.

"ये," त्या मला म्हणाल्या. "हात लावून बघ. तांब्या मी दूर ठेवलाय."

बारशातलं वाक्य त्यांनी शांतपणे माझ्यापुढं ठेवलं. मी आत गेले. त्यांनी पायानं स्टूल पुढं सरकवलं. मी चढले. उघड्या सळया, त्यांच्या बाजूचा स्लॅब, सगळं कोरडं, खडखडीत. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी डावा हात वर करून दाखवलं. सांडपाण्याचा पाईप जिथून स्लॅबमधून खाली येतो, तिथं त्याच्या गळ्याभोवती. बोट लावलं. ओलं. बोट जिथं ठेवलं तिथं पुन्हा हळूहळू एक थेंब धरला.

त्या खोटं बोलत नव्हत्या. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात आलेली पहिली गोष्ट मी लिहून ठेवते. मला वाटलं, त्या खोटं बोलत असत्या तर बरं झालं असतं.

मिस्त्रीला खाली बोलावलं. तो आधी म्हणाला, जुनी ओल झिरपतेय. जाऊबाईंनी विचारलं, स्लॅब वाळवायला पंखा तीन दिवस कशाला फिरवला मग. तो म्हणाला, पाईपला घाम येतो. त्या म्हणाल्या, "कार्तिकात घाम येणारा पाईप मी अजून बघितला न्हाई. तू हा पाईप बदललास का, ते सांग."

बदललेला नव्हता. स्लॅबमधून जाणारा जुना पाईप आणि वर पाणी जायच्या भोकातली जाळीची वाटी काढायची तर खालून छत फोडायला लागतं, खालच्यांशी बोलायला लागतं, म्हणून त्यानं ती तशीच ठेवून भोवती लेप चढवला होता. मला सांगितलंही नव्हतं. एवढा पक्का माणूस, तळवे टेकवून वाळलं का बघणारा, आणि अवघड जागी आल्यावर त्यानंही आम्ही सगळ्यांनी केलं तेच केलं. वरून झाकलं.

जाऊबाईंनी त्याला जे सुनावलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. आवाज चढवला नाही. त्याच्या थापीपासून त्यानं पुण्यात शिकलेल्या कामापर्यंत सगळं काढलं. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी त्या म्हणाल्या, खालून फोडायला त्यांची हरकत नाही. पण एक अट. मलबा मजूर उचलणार नाही. मी उचलायचा.

मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं पाईपभोवतीचं छत फोडलं. मी डोक्याला कपडा बांधून घमेल्यात सिमेंटचे तुकडे भरत होते आणि त्यांच्या स्वयंपाकघरातून ओसरीतून अंगणातून गल्लीच्या तोंडाशी नेऊन टाकत होते. अकरा खेपा झाल्या. समोरच्या घरातल्या बायका कट्ट्यावर बसून बघत होत्या. माझ्याकडं शिकवणीला येणाऱ्या एका मुलीची आईही होती त्यांच्यात. जाऊबाई खुर्ची टाकून ओसरीत बसल्या होत्या, प्लास्टरचा हात मांडीवर. एकदा घमेल्यातून तुकडा सांडला तर बोटानं दाखवला. मी उचलला. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, आणि मी तोंडातून ब्र काढला नाही, कारण तिथलं दार अडवायचं की नाही ते त्यांच्या हातात होतं.

जुना पाईप निघाला तेव्हा त्याच्या गळ्याला बोटभर चीर होती. मिस्त्रीनं नवा बसवला, भोवतीची जागा वाळल्यावर आकसत नाही अशा सिमेंटनं ठासून भरली, वर पुन्हा लेप, पुन्हा जाळी. तो या वेळी प्रत्येक गोष्ट करताना मला सांगत होता, न विचारता. पुन्हा चार बोटं पाणी. पुन्हा रेघ.

या वेळी जाऊबाईंनी दोन दिवसांऐवजी तीन दिवस घेतले. माझी शाळा सुरू झाली होती. तिसऱ्या दिवशी मी बसवरून उतरून आले तर त्या अंगणात होत्या. "कोरडं हाय," एवढंच म्हणाल्या आणि आत वळल्या.

मी मागोमाग गेले. का गेले ते मला नीट सांगता येत नाही. कदाचित थकले होते. त्या मोकळ्या, फुटक्या छताखाली उभी राहून मी म्हणाले, "ताई, बारशात मी जे बोलले, ते बोलायला नको होतं. चुकलं माझं."

त्यांनी माझ्याकडं पूर्ण बघितलं, बऱ्याच वर्षांनी.

"चार बायकांत बोललीस," त्या म्हणाल्या, "आन् माफी इथं एकलीत मागायलीस. माझी इज्जत काय सैपाकघरात गेल्ती का?"

त्या बरोबर होत्या. मला माफी मागायची नव्हती, मला माफी मागून मोकळं व्हायचं होतं.

फरशी बसली. या वेळी चकचकीत घेतली नाही, पाय धरणारी खरबरीत घेतली. मिस्त्रीनं जमिनीला जाळीकडं ढाळ दिला, इतका बेताचा की डोळ्याला दिसत नाही, पण तांब्याभर पाणी टाकलं की कुठंही न रेंगाळता निघून जातं. प्रत्येक टाईलच्या पाठीला मसाला पूर्ण भरला, मग थापीच्या मुठीनं ठोकून ऐकलं. दोन टाईल्स पोकळ वाजल्या, त्या मी सांगायच्या आधी त्यानं उखडल्या. जाताना त्यानं खाली ओसरीपाशी थांबून जाऊबाईंना नमस्कार घातला. मला घातला नाही.

त्यानंतर संक्रांतीला आमच्या गल्लीत हळदीकुंकू होतं. बारशात हसलेल्यांपैकी तिघी-चौघी तिथं होत्या. जाऊबाई होत्या, प्लास्टर निघालेलं, हात अजून वाळका. मी ठरवून गेले होते. वाण घेतलं, तिळगूळ घेतला. बोलायची वेळ तीनदा आली. प्रत्येक वेळी कुणीतरी दुसरंच काही बोललं, आणि मी त्यांना बोलू दिलं. घरी आले तेव्हा नवऱ्यानं विचारलं, बोललीस का. मी म्हणाले, जमलं नाही. अजून जमलेलं नाही.

खालचं छत त्यांनी गिलावा करून पांढरं करून घेतलं. मोटर आता टाकी भरेपर्यंत चालू असते. आम्ही बोलतो ते पाणी आलं का, गेलं का, एवढंच. त्यांचा हात थंडीत दुखतो असं नवऱ्याकडून कळतं.

गेल्या वर्षी त्यांनी आपलं खालचं बाथरूम नवं करायला काढलं. त्याच मिस्त्रीला बोलावलं. लेप झाल्यावर त्यांनी त्याला चार बोटं पाणी भरायला लावलं. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, मला सगळं ऐकू येत होतं. तो समजावत होता, की बाई, याच्याखाली मातीच हाय, गळलं तर कुणाच्या डोक्यावर गळणार. त्या म्हणाल्या, भर. तो म्हणाला, बघणार कुठून. त्या म्हणाल्या, वरून रेघ बघन, तू भर.

त्यानं भरलं. तीन दिवस ते पाणी तिथं उभं होतं आणि त्या दिवसातून दोनदा वाकून रेघ बघत होत्या. मला खाली कुणी बोलावलं नाही आणि मी गेले नाही.